संगणकाच्या गिरणीतले नवे मुकादम

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी सकाळी आमच्या वस्तीतले एक सेवानिवृत्त एसटी कंडक्टर घरी आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मुलाच्या नोकरीचा अकरा पानांचा इंग्रजी करारनामा. "जयभीम वकीलसाहेब. पोरगा अमेरिकेला गेला, सगळ्या वस्तीला पेढे वाटले. आता तीन महिने झाले, एक पैसा पगार नाही. हे वाचा आणि सांगा, आम्ही कुठं फसलो?"

मुलगा हुशार. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर शिकलेला, पुण्यात चार वर्षे संगणकाचे काम केलेला. न्यू जर्सीतील एका कंपनीने त्याला बोलावले. जाण्याचा खर्च, वकिलाचा खर्च, अनामत, सगळे वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून गेले. तिथे उतरल्यावर कळले, की ही कंपनी कुठलेही सॉफ्टवेअर बनवत नाही. ती माणसे भाड्याने देते. दोन खोल्यांच्या घरात सहा मुले ठेवली होती. ज्याला 'प्रोजेक्ट' मिळेल त्याचा पगार सुरू. बाकीच्यांनी 'बेंच'वर बसायचे, म्हणजे बिनपगारी वाट पाहायची. वर सांगितले, की बायोडाटात चार वर्षांचा अनुभव सात वर्षे लिही, नाहीतर कोणी विचारणार नाही. पोराने लिहिले. आणि तिथेच त्याचे तोंड बंद झाले.

या धंद्याची साखळी समजून घेतली पाहिजे. काम असते एखाद्या बड्या बँकेचे, विमा कंपनीचे किंवा संगणक कंपनीचे. ती कंपनी माणूस थेट घेत नाही. ती एका मोठ्या पुरवठादाराला सांगते, तो दुसऱ्या पुरवठादाराला, तो तिसऱ्याला. तिसऱ्याच्या हाती आपला मुलगा. समजा, बड्या कंपनीने ताशी ९० डॉलर मोजले. पहिल्याने दहा ठेवले, दुसऱ्याने दहा ठेवले, तिसऱ्याने तीस ठेवले, उरलेले चाळीस घाम गाळणाऱ्याच्या हातात. मधल्यांनी केले काय? फोन केले, बिल पाठवले.

आपल्या लोकांना ही व्यवस्था नवी वाटायला नको. मुंबईच्या कापड गिरण्यांत जॉबर होता. कामावर घेणे त्याच्या हाती, काढणे त्याच्या हाती, आणि नोकरी टिकवायची तर त्याला दस्तुरी द्यायची. त्याच गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. बीडचा ऊसतोड कामगारही मुकादम ओळखतो. उचल घेतली की पाय बांधले गेले! न्यू जर्सीतल्या मुकादमाच्या अंगात कोट आहे, तो 'सर' म्हणवून घेतो, एवढाच फरक. उचल मात्र इथे उलटी आहे. ती कामगारानेच भरायची!

कोणी म्हणेल, अमेरिकेत कायदा नाही काय? आहे, आणि चांगला कडक आहे. एच-१बी हा व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. मालकाला सरकारकडे लिहून द्यावे लागते, की त्या भागात त्या कामाला जो दर चालतो त्याहून कमी पगार देणार नाही. १९९८ च्या दुरुस्तीने तर स्पष्ट केले, की काम नाही म्हणून मालकाने कामगाराला बसवून ठेवले तरी पगार द्यावाच लागेल. म्हणजे आमच्या कंडक्टरभाऊंच्या मुलाचे ते तीन महिने सरळसरळ बेकायदेशीर होते. तक्रारीचा नमुनाही ठरलेला आहे. डब्ल्यूएच-४ नावाचा अर्ज, अमेरिकेच्या श्रम खात्याच्या वेतन व कार्यकाल विभागाकडे, उल्लंघन झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत. तक्रार केली म्हणून मालकाने सूड उगवला, तर तोही गुन्हा धरला जातो.

मी तो अर्ज मुलाला पाठवला. फोनवर समजावले. तो म्हणाला, "काका, सगळं पटतंय. पण माझा व्हिसा यांच्याच नावावर आहे. यांनी काढलं तर ६० दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर परत यायचं. बाबांचं कर्ज कोण फेडणार? आणि त्या बायोडाटाचं काय?"

यावर माझ्याकडे पुस्तकी उत्तर होते. ६० दिवसांची ही सवलत २०१७ पासून नियमात आली, त्याआधी तीही नव्हती. २००० च्या कायद्याने मालक बदलण्याची वाटही मोकळी केली. नव्या मालकाने अर्ज दाखल केला की काम सुरू करता येते. पण तिथेही मेख आहे. मालक बदलताना मागच्या पगाराच्या पावत्या मागितल्या जातात. ज्याला पगारच दिला नाही, तो पावती कुठून आणणार? मालकाने कायदा मोडला आणि त्याचा पुरावा म्हणून कामगारच संशयित ठरला. व्हिसा मालकाच्या मुठीत असेल, तर हक्क कागदावर राहतो.

चौथ्या महिन्यात मुलाला ओहायो राज्यात एका मोठ्या कंपनीत काम मिळाले. घरी आनंद झाला. पण खरी कहाणी पुढेच आहे. तिथे त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्याचा रंग वेगळा. शेजारी बसणाऱ्या कायम कर्मचाऱ्यासारखेच काम, कधी त्याच्याहून जास्त. पण शुक्रवारच्या जेवणाला बोलावणे नाही, कंपनीच्या सभेला प्रवेश नाही, प्रशिक्षण नाही. त्याने लिहिलेला प्रोग्राम चालला तर नाव दुसऱ्याचे, बंद पडला तर रात्री दोन वाजता फोन याला. नाताळात कार्यालय बंद राहिले तेव्हा कायम माणसांना भरपगारी सुट्टी आणि याच्या शिल्लक रजा कापल्या. करार दर सहा महिन्यांनी वाढवायचा, म्हणजे दर सहा महिन्यांनी जीव टांगणीला. तो एकदा म्हणाला, "काका, इथं कोणी वाईट बोलत नाही. सगळे हसून बोलतात. पण मी तिथं असूनही नसतो." जो समाज पिढ्यान्‌पिढ्या गावात असून गावाबाहेर राहिला, त्याला हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही.

बिल्ल्याच्या या रंगावर अमेरिकेच्या न्यायालयात एक मोठा लढा झाला आहे, आणि तो आपल्या मुलांना ठाऊक असला पाहिजे. मायक्रोसॉफ्ट कंपनीत १९८० च्या दशकात शेकडो लोक 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणून काम करीत. त्यांच्याकडून लिहून घेतले होते, की आम्ही नोकर नाही, आमचा कर आम्ही भरू, आम्हाला कोणतेही लाभ मागता येणार नाहीत. १९८९-९० मध्ये अमेरिकेच्या कर खात्याने कंपनीची दप्तरे तपासली आणि निष्कर्ष काढला, की हे कंत्राटदार नाहीत, नोकरच आहेत. कंपनीने कर भरला, काहींना कायम केले, पण बहुतेकांना सांगितले, की एजन्सीत नाव नोंदवा आणि एजन्सीमार्फत तेच काम करा, नाहीतर निघा. खुर्ची तीच, काम तेच, साहेब तोच. फक्त पगाराच्या चेकवर नाव दुसऱ्याचे!

१९९२ मध्ये व्हिझकाइनो आणि इतर काही जण न्यायालयात गेले. कंपनीच्या योजनेत कर्मचाऱ्यांना बाजारभावापेक्षा १५ टक्के कमी दराने शेअर घेता येत. तो हक्क आम्हालाही द्या, ही त्यांची मागणी. अपील न्यायालयाने नोंदवलेली वस्तुस्थिती वाचण्यासारखी आहे. हे लोक कायम कर्मचाऱ्यांबरोबर एकाच गटात, एकाच साहेबाखाली, त्याच वेळात, कंपनीच्याच यंत्रांवर काम करीत. पण बिल्ल्याचा रंग वेगळा, ई-मेलचा पत्ता वेगळा, कंपनीच्या समारंभाला बोलावणे नाही. न्यायालयाचे तत्त्व सरळ होते. तुम्ही करारात काय नाव दिले यावर नोकर की कंत्राटदार हे ठरत नाही, कामावर प्रत्यक्ष ताबा कोणाचा यावर ठरते. १९९६, १९९७ आणि १९९९ असे तीनदा अपील न्यायालयाने कामगारांची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. अखेर डिसेंबर २००० मध्ये कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

वकील म्हणून हा निकाल वाचताना छाती फुगते. पण पुढे काय झाले? तडजोडीच्याच वर्षी कंपनीने नियम केला, की एजन्सीच्या माणसाने जास्तीत जास्त एक वर्ष काम करायचे आणि मग १०० दिवस बाहेर राहायचे. २०१४ मध्ये हा नियम १८ महिने काम आणि सहा महिने बाहेर असा झाला. म्हणजे न्यायालय म्हणाले, 'ही माणसे तुमच्या घरातलीच आहेत', आणि कंपनीने उत्तर दिले, 'मग त्यांना मधून मधून घराबाहेर काढतो'! कामगार जिंकला आणि त्याच्या वाट्याला सक्तीची बेकारी आली.

हा डाव आपल्याकडचा कामगार चांगला ओळखतो. २४० दिवस भरत आले की 'ब्रेक' द्यायचा, हा इथला जुनाच धंदा आहे. वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने म्हटले. तरीही मुंबई महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या माणसाला कधी कंत्राटी, कधी 'स्वयंसेवक' अशी नावे देऊन हक्कांपासून दूर ठेवले गेले. अशा २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये उचलून धरला, तेव्हा तिथेही तोच प्रश्न सुटला. करारातले नाव खरे की केलेले काम खरे? झाडूवाला असो की संगणकवाला, मालकाची युक्ती एकच आहे. झाडूवाल्याला ती युक्ती कळली होती आणि तो संघटनेत गेला. संगणकवाल्याला अजून वाटते, की आपण कामगार नाही, 'प्रोफेशनल' आहोत!

गुगलचे उदाहरण याहून ताजे. मार्च २०१९ मध्ये या कंपनीसाठी जगभरात सुमारे १,२१,००० हंगामी व कंत्राटी माणसे काम करीत होती आणि कायम कर्मचारी १,०२,०००. म्हणजे निम्म्याहून अधिक गुगल कंत्राटावर! तिथे कायम माणसाचा बिल्ला पांढरा, कंत्राटी माणसाचा लाल. एप्रिल २०१८ मध्ये यूट्यूबच्या कार्यालयात गोळीबार झाला. त्या वेळी सुरक्षेचे तातडीचे संदेश फक्त कायम कर्मचाऱ्यांना गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या सभेतूनही आम्हाला वगळले, असे कंत्राटी कामगारांनी डिसेंबर २०१८ च्या जाहीर पत्रात लिहिले. गोळी काही बिल्ल्याचा रंग पाहून लागत नाही. पण गोळीची सूचना रंग पाहून दिली जाते!

संघटना केली तर? दोन घटना सांगतो, दोन्ही खऱ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पिट्सबर्गमध्ये गुगलचे काम करणाऱ्या एचसीएल या भारतीय कंपनीच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी ४९ विरुद्ध २४ मतांनी पोलाद कामगारांच्या संघटनेत प्रवेश केला. संगणकावर बसणारी माणसे भट्टीवर राबणाऱ्यांच्या संघटनेत गेली! त्यांचे काम पोलंडला हलवले जात असल्याचा आरोप श्रम मंडळाने कंपनीवर ठेवला. तरी ते हटले नाहीत आणि २०२१ मध्ये पहिला सामूहिक करार पदरात पाडून घेतला. दुसरी घटना टेक्सासमधील ऑस्टिन शहराची. यूट्यूब म्युझिकचे काम करणाऱ्या कॉग्निझंटच्या कामगारांनी एप्रिल २०२३ मध्ये ४१ विरुद्ध शून्य मतांनी संघटना स्थापन केली. श्रम मंडळाने गुगललाही संयुक्त मालक ठरवले. गुगलने वाटाघाटी नाकारल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये या कामगारांचे प्रतिनिधी ऑस्टिन नगर परिषदेसमोर आपली बाजू मांडत उभे असतानाच निरोप आला, की सर्वांचे काम संपले. कंपनीचे म्हणणे, कराराची मुदत संपली. मालकाला माणूस काढावा लागत नाही, फक्त करार संपवावा लागतो. कंत्राटाचा खरा उपयोग हाच आहे.

आणि जातीचे काय? सातासमुद्रापार जात सुटते, असे आपल्याला वाटत असे. आमच्या त्या मुलाला न्यू जर्सीच्या घरात पहिल्याच रात्री प्रश्न आला, "आडनाव कळलं, पण तुम्ही नेमके कोण?" पुढची कामे ओळखीतून, शिफारशीतून मिळतात. ज्याची ओळख नाही तो बेंचवर. सिस्को कंपनीतील एका दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्याने २०२० मध्ये कंपनीवर जातिभेदाचा खटला दाखल केला, तेव्हा जगाला कळले, की जात विमानात बसून गेली आहे. त्या खटल्यातील दोन वरिष्ठांवरचे दावे खात्याने २०२३ मध्ये मागे घेतले, हेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. कॅलिफोर्निया विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. कायम अभियंत्याला निदान कोणावर दावा लावायचा हे माहीत असते. कंत्राटी मुलाने कुठे जायचे? पगार देणारा म्हणतो, घटना आमच्या जागेत घडली नाही. जागेचा मालक म्हणतो, हा आमचा माणूस नाही. मधला म्हणतो, मी फक्त बिल पाठवतो. तीन मालक, आणि जबाबदार एकही नाही!

अमेरिकन कामगाराचा राग आपल्या मुलांवर निघतो, त्याचीही दुसरी बाजू समजून घ्यावी. फ्लोरिडात डिस्ने कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये सुमारे २५० संगणक कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याचे कळवले आणि त्यातल्या अनेकांना आपल्या जागी येणाऱ्या कंत्राटी माणसांना शिकवून जायला लावले. हा अपमान त्यांच्या जागी बसणाऱ्या परदेशी मुलाने केला नव्हता, मालकाने केला होता. पण मालक वरच्या मजल्यावर असतो आणि मुलगा शेजारच्या खुर्चीवर. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर भरण्याचा जाहीरनामा काढला. दार लहान केले. पण आत असलेल्याचा व्हिसा मुकादमाच्याच खिशात राहिला. ज्या दिवशी व्हिसा कामगाराच्या स्वतःच्या नावावर होईल, त्या दिवशी अमेरिकन कामगाराचा दरही कोणी पाडू शकणार नाही. हे तिथल्या कामगार संघटनांनीही ओळखावे.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या पक्षाचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष होते, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कासाठी मुंबईत एक दिवसाचा संप झाला तेव्हा ते त्याच्या अग्रभागी होते. ते स्वतः कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकलेले. पण कोट घातला म्हणून आपण मजुराहून वेगळे झालो, असे त्यांनी कधी मानले नाही. आपल्या शिकलेल्या पिढीने यातून काय घेतले?

म्हणून जाणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझे स्पष्ट सांगणे आहे. मालकाने भरायची व्हिसाची फी आणि वकिलाचा खर्च तुमच्याकडून मागणारा मालक चोर समजा. बायोडाटात एक महिनाही खोटा लिहू नका. तेच खोटे पुढे तुमच्या गळ्यातला दोर होते. करारात 'मुदतीपूर्वी सोडल्यास इतके डॉलर' असे कलम असेल, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. निव्वळ दंड म्हणून ती रक्कम वसूल करायला तिथला कायदा परवानगी देत नाही. मालकाने सरकारकडे दाखल केलेल्या श्रम अटींच्या अर्जाची प्रत मागा, ती मिळणे तुमचा हक्क आहे. पगाराची प्रत्येक पावती, बसवून ठेवल्याचा प्रत्येक ई-मेल जपून ठेवा. आणि तिथे गेलेल्या आपल्या बांधवांनी जयंती साजरी करताना त्याच सभागृहात एक टेबल टाकावे, नव्याने आलेल्या मुलाचा करार वाचून देण्यासाठी. हेही धम्मकार्यच आहे.

त्या मुलाने पुढे मालक बदलला. आता बरा आहे, वडिलांचे कर्जही फिटले. पण ते तीन महिन्यांचे पैसे त्याला कधीच मिळाले नाहीत. मी पाठवलेला अर्ज कोराच राहिला. त्याचे वडील मला म्हणाले होते, "साहेब, राहू द्या, पोराची नोकरी टिकू द्या." मीही गप्प बसलो. १२ महिन्यांची मुदत निघून गेली. त्यानंतरच्या मे महिन्यात त्याच कंपनीचा तोच करारनामा घेऊन आमच्याच वस्तीतला दुसरा एक बाप माझ्या दारात आला. अकरा पाने, शब्दही तेच.

या वेळी मी गप्प बसलो नाही. मुलाला समोर बसवून अकराही पाने वाचून दाखवली आणि पहिल्या मुलालाही ओहायोतून फोनवर घेतले. तो बराच वेळ शांत होता. मग म्हणाला, "जाऊ नको भाऊ. आणि गेलासच, तर माझ्यासारखा गप्प राहू नको."